साडेतीन मिलिमीटरच्या भोकात अडकलेल्या चार संध्याकाळी

मी मिरजेत राहतो. तंबोऱ्याची खुंटी सैल झाली, जवारी बिघडली तर सतारमेकर गल्लीत चहा होईपर्यंत काम होतं. मिडीचं, म्हणजे एका इलेक्ट्रॉनिक वाद्याने दुसऱ्याला काय वाजवायचं ते वायरीतून सांगायच्या पद्धतीचं, बिघडलं तर कुणाकडे जायचं, हे मात्र इथे कुणालाच सांगता येत नाही.

गणपतीच्या कार्यक्रमांत मी कीबोर्ड वाजवतो. एकदा ऐन गाण्यात लॅपटॉप अडकला आणि तेव्हाच ठरवलं, स्टेजवर लॅपटॉप नको. घरात नव्वदच्या दशकातलं एक साउंड मॉड्यूल, म्हणजे पट्ट्या नसलेला, नुसते आवाज काढणारा डबा, होतंच. ऑक्टापॅडवाला, म्हणजे इलेक्ट्रॉनिक ड्रमपॅड वाजवणारा, मित्र होता. मी एक सदतीस पट्ट्यांचा कंट्रोलर, म्हणजे स्वतःचा आवाज नसलेला कीबोर्ड, सेकंडहँड घेतला. कंट्रोलर आणि ऑक्टापॅड, दोघांनी मिळून एकच मॉड्यूल वाजवायचं, एवढाच बेत.

पहिली चूक माझीच. यूएसबी ते पाच पिन अशी स्वस्त केबल आणली. ती केबल कॉम्प्युटरसाठी असते. कंट्रोलरला यूएसबीतून बोलायला समोर होस्ट लागतो आणि तो त्या केबलमध्ये नसतो. दोन पाहुणे एकमेकांच्या दारात उभे, यजमान कुणीच नाही. मध्ये यूएसबी होस्टचा वेगळा डबा घेतला असता तर जमलं असतं, पण माझ्या कंट्रोलरला मागे मिडी आउट होताच, मग कशाला खर्च करा, असं वाटलं.

तो आउट म्हणजे हेडफोनसारखं साडेतीन मिलिमीटरचं भोक. त्यासाठी एका बाजूला बारीक पिन, दुसऱ्या बाजूला पाच पिनांचं सॉकेट असलेला अ‍ॅडॉप्टर ऑनलाइन मागवला. जोडला. पट्टी दाबली. आवाज नाही.

पहिल्या संध्याकाळी चॅनेल (मिडीच्या संदेशांचे नंबर, दोन्ही यंत्रांवर जुळावे लागतात) तपासले, एक ते सोळा. दुसऱ्या संध्याकाळी मॉड्यूल फॅक्टरी रीसेट केलं आणि दोन वर्षं जपलेले माझे टोन घालवले. (हे करायच्या आधी टोन कुठेतरी उतरवून ठेवा. मी तेव्हा रागात होतो.) तिसऱ्या दिवशी दुकानात मॉड्यूल घेऊन गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "सर, मॉडेल जुनं झालंय, नवीन बघा की." अ‍ॅडॉप्टर विकणाऱ्याला फोन लावला तर उत्तर, "मिडीच्या सगळ्या केबल सेमच असतात." रिटर्नच्या फॉर्मवर कारणांची यादी होती: तुटलेलं आलं, रंग वेगळा आला, आता नको आहे. 'वस्तू ठणठणीत आहे पण गप्प आहे' असं कारण त्यात नव्हतं. मी 'तुटलेलं आलं' निवडलं.

खरं तर पहिल्याच दिवशी करायला हवं होतं ते मी चौथ्या दिवशी केलं. मित्राचा ऑक्टापॅड साध्या पाच पिनांच्या केबलने मॉड्यूलच्या इनमध्ये लावला. धाडकन ड्रम वाजले. म्हणजे मॉड्यूल ठीक. कंट्रोलर लॅपटॉपला यूएसबीने लावला, तोही ठीक. उरला तो अ‍ॅडॉप्टर.

आमच्या मंडळाचा साउंडवाला मीटर घेऊन आला. कंटिन्युटीवर (दोन टोकं आतून जोडलेली असली की बीप होतं) ठेवून एक टोक पिनेच्या शेंड्याला लावलं, दुसरं सॉकेटच्या एकेका भोकात. "सर, ह्यो बघा बीप," म्हणाला. शेंडा पाच नंबरच्या भोकाशी जोडलेला होता. पाच भोकांतलं मधलं दोन नंबरचं, त्याच्या दोन बाजूंना चार आणि पाच. बाहेरची दोन इथे कामाची नाहीत. मग कंट्रोलरचं मॅन्युअल मोबाईलवर उतरवलं. शेवटून दुसऱ्या पानावर नखाएवढं चित्र, त्यात शेंडा चारला, म्हणजे माझ्या अ‍ॅडॉप्टरच्या बरोबर उलट.

या दोन जोडण्यांना टाइप ए आणि टाइप बी म्हणतात. शेंडा पाचला तो ए, चारला तो बी. पाच पिनांची जागा 1983 पासून कुणी हलवलेली नाही, म्हणूनच तर माझ्या जुन्या मॉड्यूलमध्ये ऑक्टापॅड निमूटपणे वाजला. भोकं बारीक झाली तेव्हा मात्र ज्याने त्याने आपापलं केलं. कॉर्गने ए घेतला, आर्टुरिया आणि नोव्हेशनच्या आधीच्या बऱ्याच उपकरणांवर बी आला. ए हेच प्रमाण, असं 2018 मध्ये ठरलं. तोवर बी वाली यंत्रं घराघरांत पोचली होती, त्यातलंच एक माझ्या. आणि विकणारा पाकिटावर 'मिडी अ‍ॅडॉप्टर' एवढंच छापतो! एक अक्षर जास्त छापायला शाई किती लागते?

उलट जोडल्याने काही जळत नाही. मिडीच्या इनमध्ये आत एक छोटा एलईडी असतो, करंट योग्य दिशेने आला की तो लुकलुकतो आणि पलीकडचा सेन्सर ते वाचतो. दिशा उलटी, तर एलईडी पेटतच नाही. म्हणून धूर नाही, खरखर नाही, नुसती शांतता. खरखर झाली असती तर निदान संशय तरी आला असता.

साउंडवाल्याने अ‍ॅडॉप्टरची वायर मधोमध कापली, चार-पाचच्या तारा अदलाबदल करून डाक लावली, वर टेप. तारांच्या रंगावर विसंबू नका, मीटरनेच बघा. दहा मिनिटांत पियानो वाजला आणि मी जरा जास्तच मोठ्याने वाजवला.

पुढचं सोपं होतं. मॉड्यूलला इन एकच, त्यामुळे दोन वाद्यांसाठी मिडी मर्ज बॉक्स, म्हणजे दोघांचे संदेश नीट रांगेने एकाच वायरीत सोडणारा डबा, लागतो. वाय केबलने भागेल असं कुणी म्हटलं तर ऐकू नका, दोघांचे संदेश एकमेकांत मिसळून कचरा होतो. ऑक्टापॅड चॅनेल दहावर, कंट्रोलर एकवर. केबल पंधरा मीटरच्या आत ठेवा. आणि हो, सेकंडहँड कंट्रोलर घेताना खोक्यातला मूळ अ‍ॅडॉप्टर मागून घ्या. माझ्या विकणाऱ्याकडे तो होता, हे मला नंतर कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी बेल वाजली. रिटर्न मंजूर झालं होतं. पिकअपवाल्या मुलाने टेप गुंडाळलेली वायर हातात घेऊन उलटसुलट पाहिली आणि म्हणाला, "काका, हे तर खरंच तुटलंय."