तारेखालचा दोरा

मैफल संपली की कुणीतरी व्यासपीठाजवळ येतं, तंबोऱ्याच्या घोडीवर वाकून बघतं आणि विचारतं, "तारेखाली हा दोरा कशाला?" गवई तोवर चहाला गेलेले असतात, म्हणून प्रश्न साथीला बसलेल्या माझ्या वाट्याला येतो. गवसणी चढवता चढवता "जवारीसाठी" एवढंच सांगून मी सुटते. तुम्ही विचारलंत म्हणून आज जरा सविस्तर.

तंबोऱ्याची घोडी, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात ती पट्टी, रुंद असते आणि वरून किंचित फुगीर. तार कंप पावताना त्या फुगवट्याला सारखी चाटून जाते. ती नेमकी कुठे टेकायची, हे दोरा ठरवतो. केसभर पुढेमागे सरकवला की मुकी तार एकदम बोलू लागते. तारेचं हे झंकारणं म्हणजेच जवारी. खर्ज (सगळ्यात खालचा सा) नीट लागला तर कुणी न छेडलेला गंधारही कानावर येतो. त्याला आपण स्वयंभू म्हणतो, पण चमत्कार काही नाही. खर्जाच्या पाचपट कंपनसंख्येचा तो स्वर तारेत असतोच, जवारी त्याला बाहेर काढते. (पेटीचा गंधार याहून थोडा चढा असतो. जुनी मंडळी पेटीवर नाक मुरडायची, ती उगाच नाही.)

आता गंमत ऐका. मूळ स्वराबरोबर तारेत दुप्पट, तिप्पट, चौपट कंपनांचे उपस्वरही असतात. तार ज्या बिंदूवर छेडाल, तो बिंदू ज्या उपस्वरांत हलतच नाही ते उमटू नयेत, असा भौतिकशास्त्रातला जुना नियम आहे. म्हणजे तार बरोबर मध्यावर छेडली तर दुप्पट, चौपट कंपनांचे स्वर गायब व्हायला हवेत. तंबोरा हा नियम खुशाल मोडतो. कलकत्त्यात चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हे तपासलं आणि १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरच्या निबंधात मांडलं. त्यामागचं कारण त्यांना या वक्र घोडीतच सापडलं. त्याच वर्षी ते ऑक्सफर्डला गेले. बोटीच्या त्या प्रवासात भूमध्य समुद्राची निळाई पाहून ते प्रकाशाच्या विखुरण्यामागे लागले आणि त्यातून २८ फेब्रुवारी १९२८ चा रामन परिणाम आला. विज्ञान दिनाच्या भाषणांत समुद्र दरवर्षी येतो, तंबोरा कधीच येत नाही. मला याचा थोडा रागच आहे.

पण रामन यांच्याही बऱ्याच आधी ही घोडी मिरजेत घासली जात होती. तिथले सतारमेकर मूळचे शिकलगार, तलवारी-भाल्यांना पाणी देणारे. एकोणिसाव्या शतकात इंग्रजी अंमल पक्का झाला तशी हत्यारांची मागणी आटली. संस्थानात गवई-वादकांची ये-जा होती, त्यांची वाद्यं बिघडायची. ती दुरुस्त करता करता फरीदसाहेबांसारखे कारागीर स्वतःच सतारी-तंबोरे घडवू लागले. वाद्याच्या पोटाला लागणारा पंढरपूर-मंगळवेढ्याकडचा कडू भोपळा तसा जवळच. मला मात्र यात कानस महत्त्वाची वाटते. धातूवर किती घासायचं आणि कुठे थांबायचं हे ज्या हातांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक, त्यांना घोडीचा फुगवटा जमला यात नवल नाही.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. चांगलंच झालं. निदान दुसरीकडे बनलेलं वाद्य मिरजेचं म्हणून कुणी खपवलं तर त्याला अडवायला कायद्याचा आधार आहे. जवारीची गोष्ट मात्र वेगळी. वाजवून वाजवून तारा घोडीत बारीक चर पाडतात, आवाज बसतो, आणि मग दोरा कितीही सरकवा, उपयोग नसतो. घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते. त्यासाठी जाणकार माणूस तंबोरा समोर ठेवून बसतो, दोन हात कानस चालवतो, तार छेडतो, ऐकतो, पुन्हा घासतो. रियाजाला फोनमधला तंबोरा पुरतो म्हणून ज्यांचे तंबोरे गवसणीतच असतात, त्यांना या माणसाची गरज पडत नाही. ज्यांना पडते, त्यांनी मैफलींचा मोसम सुरू व्हायच्या आधीच वाद्य मिरजेला पोचवावं.