पहिला छर्रा वर का जात होता

परदेशांतील रायफलबाज घरी काडतुसे भरताना गोळीचा वेग दरवेळी सारखा यावा म्हणून दारूचा कणन् कण तोलतात. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवान्याशिवाय काडतुसे बनवता येत नाहीत. हिंगणघाटजवळच्या एका बंद जिनिंगच्या गोदामात आम्ही मुलांना दहा मीटरवरच्या लक्ष्यावर नेम धरायची जी एअर रायफल (हवेच्या दाबावर चालणारी) शिकवतो, तिला तर दारूच लागत नाही. वेगाची डोकेदुखी मात्र तिच्याही वाट्याला आहेच.

आमचा शिशाचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असून तो नळीतून सेकंदाला सुमारे १७० मीटर वेगाने सुटतो. दहा मीटर कापेपर्यंत तो जवळपास १७ मिलिमीटर खाली येतो. वेग पाच मीटरने घटला, तर ही घसरण आणखी एक मिलिमीटरने वाढते. लक्ष्याच्या मधला दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा आणि दशांश गुणांकनात दर पाव मिलिमीटरला एक दशांश गुण जातो, हे लक्षात घेतले म्हणजे या एका मिलिमीटरची किंमत कळते.

गेल्या पावसाळ्यात क्रोनोग्राफवर, म्हणजे वेग मोजणाऱ्या यंत्रावर, दहा छर्‍यांचा वेग १६८ पासून १७४ पर्यंत हेलकावे घेऊ लागला. आधी यंत्रावरच संशय घेतला, कारण ट्यूबलाइट सेकंदाला शंभर वेळा लुकलुकते आणि त्याने प्रकाशावर चालणारे संवेदक फसतात. जुना पिवळा बल्ब लावला, तरी आकडे तसेच. मग छर्‍यांवर राग काढला. ओळखीच्या सोनाराच्या मिलिग्रॅमच्या काट्यावर डबेच्या डबे तोलले, घेर वाकडा असलेले बाजूला काढले आणि वजनाप्रमाणे वेगळ्या पुड्या बांधल्या. सोनाराने चहा पाजला, पण शिसे हाताळलेले हात धुतल्याशिवाय कपाला लावू दिले नाहीत, हे त्याचे शहाणपणच. महिनाभराच्या या उद्योगाने फरक पडला तो मीटरभराचाही नव्हता. त्याचे कारण गणितातच होते: वजन एक टक्क्याने बदलले, तर वेग अर्ध्या टक्क्यानेच बदलतो. हे आधी कागदावर मांडायला हवे होते.

उलगडा केला आठवीतल्या एका मुलाने. वहीत आकडे उतरवताना तो म्हणाला, "सर, छर्रे नाई, बंदूकच झोपून उठली का उधळते."

वही पाहिली. वीस मिनिटांच्या विश्रांतीनंतरचा पहिला छर्रा दरवेळी १७३-१७४ चा होता आणि त्यानंतरचे सारे १६९-१७० चे. रायफलच्या सिलिंडरमधील सुमारे २०० बार (बार हे दाबाचे एकक) दाबाची हवा रेग्युलेटर ठरावीक दाबावर आणून पुढे सोडतो. त्याच्या झडपेचे आसन (झडप जिथे टेकते ती जागा) नीट बसत नसेल, तर विश्रांतीच्या काळात हवा हळूहळू झिरपत राहते, पुढील कप्प्यातील दाब चढतो आणि पहिला छर्रा नेमका तो दाब घेऊन जास्त वेगाने सुटतो, कमी घसरतो आणि लक्ष्यावर वर लागतो. हातपंपाने भरलेल्या दमट हवेने आसनावर पांढुरकी बुरशीसारखी भुकटी धरली होती. सिलिंडर पूर्ण रिकामा करून जाणकार कारागिराने आसन व ओ-रिंग (हवा अडवणारे रबरी कडे) बदलली, आणि पंपाला ओलावा शोषणाऱ्या सिलिका जेलची नळी लावली.

उन्हाळ्यात आणखी एक पथ्य पाळतो. तीस अंशांना २०० बार भरलेला सिलिंडर पंचेचाळीस अंशांत आपोआप २१० बारच्या आसपास जातो, म्हणून मे महिन्यात तो कमीच भरतो आणि मोटारसायकलच्या डिकीत ठेवू देत नाही.

विश्रांतीनंतर आधी दोनदा छर्‍याविना चाप ओढायची सवय मुलांना लावली आहे. काल त्या मुलाने वहीत लिहिलेले दहा आकडे १६९ आणि १७० यांच्यातच होते.