दोरी ओढलीच नाही

१४ नोव्हेंबर २०२४, गुरुवार. कोलंबिया, मिझुरी, अमेरिका. रात्रीचे साडेदहा.

हरणांच्या शिकारीत उद्या धनुष्यवाल्यांचा शेवटचा दिवस. परवा शनिवारपासून बंदुकीचा हंगाम सुरू, आणि ते अकरा दिवस आम्ही धनुष्य खुंटीला टांगायचं. नंतर १५ जानेवारीपर्यंत पुन्हा मोकळीक असते, पण तोवर नरांचा माज ओसरलेला असतो आणि गोळीबार ऐकून हरणं शहाणी झालेली असतात. म्हणून आज ऑफिसातून अर्धी रजा टाकली आणि ओव्हरटन बॉटम्स गाठलं.

रोशपोर्टचा पूल ओलांडून पश्चिमेला उतरलं की डाव्या हाताला मिझुरी नदीकाठचा हा सखल पट्टा लागतो. १९९३च्या महापुरापर्यंत इथे शेती होती. त्या वर्षी बांध फुटले आणि शेतांवर वाळूचे थर बसले. पुढे जमिनी सरकारकडे गेल्या, बिग मडी नावाचं राखीव क्षेत्र झालं, आणि नदीला हातपाय पसरायला जागा मिळाली. आता त्या वाळूवर कॉटनवूड आणि विलोची गच्च दाटी आहे. रान म्हणावं तर आय-७० महामार्गावरच्या ट्रकांची घरघर सतत कानात. मला ती आता ऐकूही येत नाही. हरणांनाही येत नसावी.

या महिन्याच्या सुरुवातीला पाऊस बेदम झाला. एरवी पायांनी ओलांडता येणारा नदीचा जुना फाटा कमरेएवढा भरलाय. मी बसले ती जागा त्या फाट्याच्या अलीकडे, पुरात वाहून आलेल्या ओंडक्यांच्या ढिगाआड. इथे बसण्याचं सगळं गणित वाऱ्याचं. दिवसभर वारा कुठूनही असो, सूर्य कलला की तो पडतो आणि टेकाडावरची गार हवा हळूहळू नदीकडे घसरते. आपला वास तिच्याबरोबर जातो. म्हणून संध्याकाळी पाणी पाठीशी आणि हरणांची वाट पुढ्यात ठेवायची. हे मला शिकवलं शेजारच्या म्हातारबुवांनी. वय सत्तरीच्या पुढे, आयुष्यभर याच नदीकाठी. माझं धनुष्यही त्यांनीच तासलेलं आहे, ओसेज ऑरेंज नावाच्या झाडाच्या लाकडाच्या एका अखंड फाकेतून. नवं होतं तेव्हा हळदीसारखं पिवळं होतं, आता तपकिरी पडत चाललंय. त्याला आधुनिक धनुष्यांसारखी ना चाकं, ना नेम धरायची टाचणी. दोरीवर आवाज दबावा म्हणून लोकरीचे दोन गोंडे, आणि बाणांना टर्कीची पिसं, जी दमट हवेत पार चिकटून बसतात. आज बसली होतीच. बोटांनी एकेक सोडवत बसले.

या धनुष्याने पंधरा पावलांच्या पलीकडे मी बाण सोडत नाही. पाठीमागच्या अंगणात पंचवीसवर बसतो, पण अंगणातलं लक्ष्य हलत नाही. बाण जातो साधारण सेकंदाला पंचेचाळीस मीटर, आणि दोरीचा आवाज जातो तीनशे चाळीस. म्हणजे पंधरा मीटरवरच्या जनावराला आवाज आधी पोचतो आणि बाण त्यानंतर पाव सेकंदाहून जास्त वेळाने. बेसावध असेल तर ते उभंच राहतं. बिचकलेलं असेल तर उडी मारण्यासाठी आधी खाली दबतं, आणि फुप्फुसावर लावलेला बाण पाठीच्या कण्याजवळ बसतो. मग रात्रभर बॅटरी घेऊन रक्ताचे थेंब शोधत फिरा. म्हणून हरीण कसं उभं आहे याइतकंच ते कुठल्या मनःस्थितीत आहे हेही वाचावं लागतं.

साडेचारच्या सुमारास ती आली. मादी, आणि मागे या वर्षीचं पाडस. पाडसाच्या कपाळावर, जिथे पुढच्या वर्षी शिंगं फुटतील तिथे, दोन उंचवटे. म्हणजे नर. पानं ओली असल्यामुळे पायांचा आवाज नव्हताच. विलोच्या फांद्या हलल्या म्हणून कळलं. आधी ती तोंड माझ्याकडे करून उभी राहिली. अशा वेळी छातीचं हाड आणि खांदा आड येतात, तेव्हा प्रश्नच नव्हता. ती खात होती. खाता खाता मान वर, कान एक पुढे एक मागे, पुन्हा मान खाली. शेपटी एकदाच झटकली. माझ्या म्हातारबुवांच्या मते शेपटी सैल झटकली म्हणजे सगळं ठीक आहे. मग ती वळली. पूर्ण आडवी, बारा पावलांवर, जवळचा पुढचा पाय एक पाऊल पुढे टाकलेला. त्या पायामागची जागा उघडी. थंडीत नाकपुड्यांतून निघणारी वाफ दिसत होती, आणि कानाच्या कडेला एक जुनी फाट होती, तीही दिसत होती. सूर्यास्त व्हायचा होता, त्यानंतरही अर्धा तास कायद्याने मुभा असते. खिशात मादीचा परवाना. बाण दोरीवर, तीन बोटं दोरीवर.

मी दोरी ओढली नाही.

बऱ्याच वेळाने, घुरघुरत एक नर आला. नाक जमिनीला लावून, तिच्या मागावर, माझ्यापासून तीस पावलांवरून. ती पाडसाला मागे टाकून फाट्यात शिरली, पोहून पलीकडे गेली. नरही गेला. पाडस काठावर थोडं घुटमळलं आणि मग विलोंत घुसलं. संपलं.

गाडीकडे येताना मी कारण तयार केलं, आणि ते चांगलं कारण होतं. पाणी अगदी जवळ होतं. फुप्फुसात बाण लागलेलं हरीणही शंभरेक पावलं सहज पळतं, आणि ती पळाली असती फाट्याकडेच. पाण्यात रक्ताचा माग राहत नाही. वाहून मुख्य धारेला लागली असती तर गेलीच. म्हणजे न मारणं बरोबर. फक्त एवढंच की हे सगळं मला नंतर सुचलं. त्या क्षणी डोक्यात पाणी नव्हतं. पाडसही नव्हतं, नोव्हेंबरातलं पाडस आईविना जगतं, हे मला ठाऊक आहे. तेव्हा काय होतं ते आठवून आठवून पाहिलं. तिचा फाटका कान पाहत होते, इतकंच सापडतं.

बंदुकीत हा प्रकार होत नसावा. शंभर यार्डांवर दुर्बिणीतून जे दिसतं त्यावर हो किंवा नाही पटकन ठरतं. इथे ती पंधरा मिनिटं माझ्यासमोर चरत होती, आणि पंधरा मिनिटं ‘हो’ म्हणून बसून राहणं अवघड असतं.

घरी आल्यावर आईचा फोन. तिकडे शुक्रवारची सकाळ उजाडलेली. “आज त्रिपुरी पौर्णिमा गं, संध्याकाळी घाटावर दिवे सोडायला जायचंय. आणि तू कुठे होतीस?” सांगितलं. “मारलं नाहीस ना? देव पावला! मुक्या जिवाला…” मी म्हटलं, “आई, दर रविवारी सकाळी खाटकाच्या दुकानापुढे रांगेत कोण उभं असतं?” तर म्हणे, “ते वेगळं.” असेल वेगळं. पण मला या दयेचं सर्टिफिकेट नको आहे. १९२५ साली या अख्ख्या राज्यात चारशेच्या आसपास हरणं उरली होती. शिकारबंदी झाली, हरणं पकडून दुसरीकडे सोडली, आणि १९४४ साली पुन्हा मोजका हंगाम उघडला. आज ती लाखोंनी आहेत. लांडगे गेले, त्यांचं काम आता परवानावाल्यांकडे. गेल्या साली मी मारलेल्या मादीचा खिमा कांदा-लसूण मसाला घालून याच आईने, इथे आली होती तेव्हा, दोनदा मागून खाल्ला.

दुसऱ्या बाजूच्या कौतुकाचाही कंटाळा येतो. ‘मी सोडलं’ असं सांगण्याची शिकाऱ्यांत एक फॅशन आहे. सोडलेल्या नराच्या शिंगांचं माप सांगतात, भिंतीवर डोकं टांगल्यासारखं. (मी इथे दोन पानं लिहितेय, ते काय आहे? असो.)

म्हातारबुवांना फोन केला. त्यांनी “का” विचारलं नाही. वारा कधी पडला, ती कुठल्या बाजूने आली, फाट्याला पाणी किती, एवढंच. मग म्हणाले, उद्या वारा दक्षिणेचा आहे, ती जागा बाद. पुलाच्या बाजूला, जिथे जुना बांध फुटलेला आहे तिथे पहाटे अंधारात जाऊन बस, तिकडे पाणी नाही.

बाणाची पाती पुसून तेल लावलं, पिसं वाफेवर धरून सरळ केली. फ्रीजरमध्ये मागच्या वर्षीची शेवटची दोन पाकिटं उरली आहेत. उद्या आली, आडवी उभी राहिली, तर मारीन बहुधा. गजर पावणेपाचचा.