तुम्ही विचारलंत म्हणून: इंडियाचं काय झालं?

लग्नात, जत्रेत, एसटी स्टँडवर, भेटेल तो विचारतो, "कबड्डीच्या इंडिया कॅम्पपर्यंत गेला होतास ना, मग इंडियाचं काय झालं?" आणि मी तोंड उघडायच्या आत स्वतःच उत्तर देतो. राजकारण झालं. वशिला लागतो. नाहीतर गुडघा गेला. इतकी वर्षं मी हो-हो करत आलो. आता एकदा सविस्तर लिहितो, कारण यातलं एकही उत्तर मला पटलेलं नाही.

गुडघ्याचं आधी सांगतो. गुडघा दुखत होता हे खरं आहे. कबड्डीत कॉर्नरला, म्हणजे बचावाच्या रांगेच्या टोकाला, खेळणाऱ्या कुठल्या माणसाचा गुडघा दुखत नाही? एका वार्ताहराने विचारलं तेव्हा मी गुडघ्याचंच कारण दिलं होतं आणि ते छापून आलं. ते खोटं नव्हतं, पण त्याच गुडघ्यावर मी आधीचे दोन मोसम उत्तम खेळलो होतो.

वजनाचंही तसंच. पुरुषांना 85 किलोची मर्यादा आहे आणि माझा सांगाडाच दणकट. स्पर्धेच्या आधी पाणी तोडायचं, रेनकोट घालून भर दुपारी पळायचं, काट्यावर चढताना अंगावरचा टॉवेलसुद्धा काढून ठेवायचा. दुसऱ्या दिवशी मॅटवर उतरलं की मांड्यांत गोळे. पण हे सगळेच करतात. ज्यांची निवड झाली त्यांनीही केलं.

आता ती मॅच. तुम्ही सगळ्यांनी तिचा व्हिडिओ पाहिलाय, म्हणून स्पर्धेचं नाव लिहीत नाही. शेवटच्या मिनिटाला समोरच्यांची थर्ड रेड, म्हणजे दोन रिकाम्या रेडनंतरची, गुण आणायलाच हवा अशी चढाई, आम्ही दोन गुणांनी पुढे, मी आततायीपणे आत घुसलो, रेडर मला आणि आणखी दोघांना घेऊन मधल्या रेषेवर पडला, तीन गुण गेले, आम्ही हरलो. तुम्ही म्हणता, त्या तीन गुणांनी तुझी इंडिया घालवली.

व्हिडिओ तिथून सुरू होतो. मला जे आठवतं ते त्याच्या बरंच आधीचं आहे आणि ते कोणी शूट केलेलं नाही.

दुसरा हाफ नुकताच सुरू झाला होता. आमचे सहा जण आत, म्हणजे बोनस चालू, रेडरने बोनस रेषा ओलांडली की त्याला एक गुण. मी राइट कॉर्नरला, माझा डावा हात इनच्या, म्हणजे रांगेतल्या माझ्या शेजारच्या बचावपटूच्या, हातात. रेडर माझ्या बाजूला आला. कॉर्नरचं काम सांगायला सोपं आहे. तो बोनस रेषेपलीकडे पाय टाकतो, मागचा पाय उचलतो, आणि त्या क्षणाला तुम्ही त्याच्या घोट्यावर असायला हवं. पाय मागे गेला की संपलं. मी नेहमी रेडरच्या कंबरेकडे बघायचो. कंबर वळायला लागली की अंग आपोआप खाली जायचं, घोटा हातात आल्यावरच कळायचं की आपण गेलो.

त्या दिवशी पाय आला आणि मला त्याचा बूट दिसला. लेसची दुहेरी गाठ दिसली, तिचं एक टोक बुटात खोचलेलं दिसलं. आयुष्यात कधी मला रेडरचा बूट दिसला नव्हता. इनने माझी बोटं दाबली. आमच्यात त्याचा अर्थ एकच, जा. मी गेलो नाही. पंचांनी बोनस दिला, रेडर परत गेला, सातशे-आठशे माणसांपैकी कोणाला काही वाटलं नाही. बोनस तर जातातच. स्कोअरशीटवर एका गुणाची नोंद झाली. मी जागचा हललो नाही याची नोंद करायला तिथे रकानाच नसतो.

पुढच्या रेडला इनने माझा हात धरला, पण बोटं दाबली नाहीत. नंतरही मॅचभर दाबली नाहीत.

दुसरा ज्याला कळलं तो रेडर. त्यानंतर त्याने डावीकडे जाणंच सोडलं. येईल तो माझ्याच अंगावर, निवांत, मला जोखत. शेवटच्या मिनिटाला मी जो आत घुसलो तो हे सहन न होऊन. तुम्ही त्याला आततायीपणा म्हणता. माझ्या मते त्या अख्ख्या हाफमध्ये मी केलेली तेवढीच एक कबड्डी होती.

पुढे बारा जणांची यादी लागली, त्यात मी नव्हतो. निवड करणारे त्या मॅचला बसले होते. त्यांनी शेवटची रेड पाहून मला काढलं की तो बोनस पाहून, हे मला आजवर कळलेलं नाही. शेवटची रेड पाहून काढलं असेल तर अन्याय झाला, आणि हे मी कोणाच्याही तोंडावर म्हणेन. बोनस पाहून काढलं असेल तर माझ्याकडे बोलायला काही नाही.

त्यानंतर दोन मोसम मी अंग आपोआप खाली जाण्याचा तो क्षण परत मिळवायच्या मागे होतो. पहाटे मातीवर, संध्याकाळी मॅटवर. एकेका मॅचला तो परत यायचाही, आणि मला वाटायचं आलो बाहेर. मग पुन्हा बूट दिसायचे. 2018 च्या सुरुवातीला हैदराबादला महाराष्ट्राने सर्व्हिसेसला, म्हणजे सैन्यदलांच्या संघाला, हरवून राष्ट्रीय अजिंक्यपद परत आणलं, तेव्हा मी राज्याच्या संघातही नव्हतो. त्याच वर्षी जकार्ताच्या आशियाई स्पर्धेत आपण उपांत्य फेरीत इराणकडून 27-18 ने हरलो. 1990 च्या बीजिंगपासून 2014 च्या इंचॉनपर्यंत पुरुषांचं एकही सुवर्ण आपण सोडलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मला किती फोन आले, "तू असतास तर!" तुमचं प्रेम समजतं, पण हे बोलू नका. इराणच्या लेफ्ट कॉर्नरचा फझल अत्राचली प्रो कबड्डीत यू मुंबाकडून खेळताना आपण जवळून पाहिलाय. पकड सुटली तरी पुढच्याच रेडला तो तितक्याच जोरात जातो. त्या काळातला मी तिथे असतो तर फरक 27-18 पेक्षा कमी झाला नसता.

विशीत मी एका सीनियरला सगळ्यांसमोर सुनावलं होतं, "फॉर्म-बिर्म काही नसतं दादा, सराव कमी पडतो." आज विशीतल्या त्या पोराला, म्हणजे मलाच, काय सांगू? सराव त्याच्यापेक्षा मी जास्त केला. तो म्हणेल, मग मनात भरलं असेल काहीतरी, काढून टाक. मी म्हणेन, काय भरलंय ते दाखव. तो दाखवू शकणार नाही, मीही नाही. पण त्याचं बोलणं चूक ठरवायलाही माझ्याकडे पुरावा नाही. हल्ली गावातल्या पोरांना पकड शिकवतो. त्यातलं एक राइट कॉर्नरचं पोरगं परवा विचारत होतं, "दादा, बघायचं कुठे, कंबरेकडे की पायाकडे?" कंबरेकडे, असं सांगितलं. बाकीचं अजून सांगितलेलं नाही, आणि सांगावं की नाही ते ठरत नाही.

पुढच्या वेळी आमच्या घरी आलात तर मला खुशाल विचारा, फक्त आप्पांसमोर विषय काढू नका. ते आजही राजकारण झालं असंच सांगतात. यादी लागली त्या रात्री ते जेवले नव्हते. त्यांच्या म्हणण्यात मी आडवा येणार नाही.