प्रयोजन: पाहणे

डोंगरावरच्या त्या बंद क्षयरुग्णालयात मी एकदाची जाऊन आले. वास्तू वारसा यादीत आहे, पण कुलूपबंद. आत जायला लेखी परवानगी लागते. अर्ज एका पानाचा, आणि त्या एका पानाने माझे चोवीस दिवस खाल्ले.

घोडं अडलं ‘भेटीचे प्रयोजन’ या रकान्यापाशी. मी सरळ लिहिलं, ‘पाहणे’. आठ दिवसांनी अर्ज परत. शेरा: ‘प्रयोजन अपूर्ण’. मग लिहिलं, ‘वारसा वास्तू पाहणे’. तर टेबलामागच्या गृहस्थांनी विचारलं, संशोधन की चित्रीकरण? दोन्ही नाही म्हटल्यावर चष्म्यावरून माझ्याकडे बघत म्हणाले, “मग नुसतं बघायला कशाला जायचं?” त्यांनी जमीन ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचं ना-हरकत पत्र आणायला पिटाळलं. तिकडचे म्हणाले, जमीन आमची, इमारतीचं आम्हाला विचारू नका. परत पहिल्या टेबलाशी आले, तर आता इमारतीच्या कोणत्या भागात जाणार तेही हवं होतं, नकाशावर खूण करून. नकाशा त्यांच्याकडेही नव्हता!

शेवटी वैतागून ‘वास्तुरचनेचा वैयक्तिक अभ्यास’ असं खरडलं आणि दुसऱ्या दिवशी शिक्का बसला. तुम्ही पहिल्याच फेरीला हेच लिहा. आणि अर्जाची पोच घ्या, तारखेसकट. मी घेतली नव्हती, त्यामुळे पहिले आठ दिवस हिशेबातच धरले गेले नाहीत.

हमीपत्रात ‘संसर्ग झाल्यास’ असंही एक कलम होतं. क्षय पसरतो तो आजारी माणसाच्या खोकल्यातून, हवेवाटे. वर्षानुवर्षं रिकाम्या पडलेल्या भिंतींतून नाही. हे समजावत बसले नाही, सही ठोकली. मास्क मात्र न्याच, पक्ष्यांची विष्ठा आणि बुरशी यांच्यासाठी.

आत रखवालदार सोबत होता. वॉर्डात भिंत आणि फरशी जिथे मिळतात तिथे काटकोन नाही, गोलाई आहे, कोपऱ्यात धूळ साचू नये म्हणून. बोट फिरवून पाहिलं, अजून गुळगुळीत. पुढे लांबलचक उघडा व्हरांडा. खाटा ढकलत उन्हात आणता याव्यात म्हणून दारांना उंबरठेच नाहीत. १८५४ मध्ये हर्मान ब्रेमर या जर्मन डॉक्टरने गोर्बर्सडॉर्फला (आज ते पोलंडमध्ये आहे) डोंगरातली हवा, आहार आणि विश्रांती हाच उपचार ठरवला, त्यानंतर अशी आरोग्यधामं जगभर उभी राहिली. ओस पडली ती औषधांमुळे. स्ट्रेप्टोमायसिन १९४३ मध्ये सापडलं, आणि घरी राहून औषध घेणारेही आरोग्यधामातल्यांइतकेच बरे होतात, हे १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवून दिलं.

हो, विजेरी आणि जाड तळव्याचे बूट विसरू नका. वरच्या मजल्याचं लाकूड कुजलंय, तिकडे जायचा हट्ट धरू नका.

निघताना रखवालदाराने नोंदवही पुढे केली. नाव, वेळ, प्रयोजन. मी ‘पाहणे’ लिहिलं. त्याने न वाचताच वही मिटली.