डिजिटल रेडिओ घरात नीट लागेपर्यंत

एफएमची सवय अंगात मुरलेली असल्यामुळे डीएबी प्लस या डिजिटल प्रसारण पद्धतीचा नवा रेडिओ हाती आल्यावर मी आधी स्टेशन लावण्याची चकती शोधली. या रेडिओत काटा फिरवायचा नसतो. तो 174 ते 240 मेगाहर्ट्‌झचा पट्टा स्वतःच धुंडाळतो आणि सापडलेल्या स्टेशनांची नावे पडद्यावर ओळीने दाखवतो. प्रत्येक स्टेशनला येथे स्वतंत्र फ्रिक्वेन्सी नसते, 1.5 मेगाहर्ट्‌झच्या आसपास रुंदीच्या एका प्रसारणात, म्हणजे मल्टिप्लेक्समध्ये, अनेक स्टेशने एकत्र येतात आणि आपण निवडलेले स्टेशन रेडिओ त्यातून वेगळे काढतो. म्हणूनच मल्टिप्लेक्स हातचा गेला की त्यातली सगळीच स्टेशने जातात. माझ्याकडे 12बी या चॅनेलवरच्या, म्हणजे एकाच मल्टिप्लेक्समधल्या, सर्व नावांपुढे प्रश्नचिन्हे उमटली होती आणि कधी आवाज आलाच, तर निवेदकाच्या वाक्यातले शब्द मधूनमधून गळत.

खरखर अजिबात नसल्याने मला संचच बिघडलेला वाटला. पण डिजिटल प्रसारणात चुका दुरुस्त करण्यापुरती जादा माहिती सोबतच पाठवलेली असते. तिच्या आवाक्यात असेपर्यंत कमजोर सिग्नलही स्वच्छ ऐकू येतो आणि तो आवाका संपला की एकदम शांतता पसरते. आपण काठावर आहोत की सुरक्षित, हे कानाला कळतच नाही. त्यामुळे मी ऐकणे थांबवून मॅन्युअल ट्यूनिंगमध्ये 12बी लावले आणि सिग्नलची पट्टी पाहत बसलो.

फळीवर मावावा म्हणून मी एरियल आडवा ठेवला होता. प्रसारण उभ्या ध्रुवणाचे, म्हणजे लहरींचे विद्युत कंपन वर-खाली होणारे, असल्याने तो उभा करताच पट्टी दोन घरे वर सरकली. 12बीची फ्रिक्वेन्सी 225.648 मेगाहर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी 1.33 मीटर, एरियलला साजेसा तिचा चौथा भाग 33 सेंटीमीटर भरतो. फूटपट्टीने मोजून एरियल तेवढाच बाहेर काढला, पण (खरे सांगायचे तर) त्याने फारसा फरक पडला नाही. एरियल कोणत्या मनोऱ्याकडे वळवावा, ही चिंताही फुकट होती. अनेक मनोरे एकाच फ्रिक्वेन्सीवर तेच प्रसारण करू शकतात. प्रत्येक चिन्हाआधी, म्हणजे एका वेळी पाठवलेल्या माहितीच्या तुकड्याआधी, 246 मायक्रोसेकंदांची मोकळीक ठेवलेली असल्यामुळे तेवढ्या अवधीत उशिरा पोहोचलेल्या लहरी एकमेकींना मारत नाहीत, उलट हातभार लावतात.

तरीही रोज संध्याकाळी आवाज तुटे. एकदा हात लागून फळीवरचा एलईडी दिवा बंद झाला आणि पट्टी झटकन वर गेली. दिव्याच्या आतले इलेक्ट्रॉनिक सर्किट याच पट्ट्यात गोंगाट करत होते. रेडिओ खिडकीशी हलवून पुन्हा स्कॅन केल्यावर प्रश्नचिन्हे गेली.

आता शेजारच्या खोलीतल्या एफएमवर तेच स्टेशन लावले, तर डिजिटल आवाज उलगडण्याच्या कामामुळे काही क्षण मागून येतो. वेळेच्या ठोक्यांवर घड्याळ लावायचे असेल, तर मी अजूनही एफएमच लावतो.