डोळ्यावरून मासा

रविवारी दुपारी फ्रिजमधून मासा काढून ओट्यावर ठेवला आणि त्याच्या डोळ्याकडे बघून हातच थबकला. धुरकट काचेची गोटी नुसती. आई इथे असती तर पिशवी आल्या पावली परत गेली असती. डोळा पांढरा पडला की मासा शिळा, हा तिचा कायदा. रत्नागिरीच्या बाजारात ती कल्ले नंतर उघडायची, आधी डोळ्याला डोळा भिडवायची. कोळणीही तिला ओळखून होत्या. ती दिसली की टोपलीतल्या तळाचे बांगडे आपोआप वर यायचे.

पण हा वॉलआय, अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला मासा. जिवंतपणीही त्याचा डोळा असाच. बुबुळामागे मांजरासारखा चकचकीत पडदा असतो, आत गेलेला उजेड त्यावरून परत फिरतो. त्यामुळे काळोखात, गढूळ पाण्यात याला दिसतं आणि याच्या भक्ष्याला नीट दिसत नाही. नावातला 'वॉल' म्हणजे भिंत असं समजून मी वर्षभर ती भिंत शोधत होते. जुन्या नॉर्स शब्दाची झीज होऊन ते नाव झालंय म्हणे. भिंतीचा काडीचा संबंध नाही.

मासा दिला शेजारच्या आजोबांनी. आम्ही आर्कान्सामध्ये, लिटल रॉकला राहतो. ते उत्तरेकडच्या ग्रीअर्स फेरी तलावावर जातात. धरणाच्या उद्घाटनाला 3 ऑक्टोबर 1963 ला स्वतः राष्ट्राध्यक्ष केनेडी आले होते, हे ते दर भेटीत सांगतात. पुढच्या सात आठवड्यांत त्यांची हत्या झाली, ते मात्र गाळतात.

वॉलआय म्हटलं की लोकांना मिनेसोटा आठवतं, याचा त्यांना भारी राग. मिनेसोटाने त्याला राज्याचा मासा करून टाकलाय, पण मोठा मासा हवा तर दक्षिणेत या, हे त्यांचं म्हणणं. अल नेल्सनने 1982 च्या मार्चमध्ये इथेच 22 पौंड 11 औंसांचा काढला, म्हणजे दहा किलोंच्या वर! शेजारच्या टेनेसीत 1960 साली मेब्री हार्परला ओल्ड हिकरी तलावात 25 पौंडांचा मिळाल्याची नोंद आहे. पण नंतर लोकांनी फोटो मोजून शंका काढल्या. एका संस्थेने तो विक्रम रद्द केला, दुसरीने अजून ठेवलाय. आजोबा कुठल्या संस्थेचं मानतात हे सांगायला नकोच.

एकदा मला ते रात्री घेऊन गेले. फेब्रुवारी सरता सरता पाणी दहा अंशांच्या आसपास आलं की हे मासे तलाव सोडून लिटल रेड नदीच्या फाट्यांमधून वर चढतात. नर आधी येऊन थांबतात, माद्या मागून. रात्री गोट्यांवर अंडी सोडायची आणि निघायचं. घरटं नाही, राखण नाही. आम्ही मिडल फोर्कच्या काठी कुडकुडत बसलो. गळ तळाशी टेकवायचा, जरा उचलायचा, पुन्हा टेकवायचा. मला काही लागलं नाही. पण आजोबांनी टॉर्च पाण्यावर फिरवला आणि तळाशी दोन निखारे पेटले. मग अजून दोन.

मी एकदम मराठीत ओरडले, "चढण लागली!"

मृगाच्या पहिल्या दणक्याला आमच्याकडे पऱ्या, म्हणजे ओढा, फुगला की घरात कोणाला झोप नसायची. काका गॅसबत्ती घेऊन पुढे, मी डोक्यावर इरलं आणि हातात पिशवी घेऊन मागे. शेताच्या बांधावरून पाणी उतरायचं आणि त्याच पाण्यातून, ओल्या गवतावरून, मळ्ये नि खवळे सळसळत वर निघालेले असायचे. हीच चढण. काका कोयतीच्या पाठीने टोला द्यायचे. माझं काम पिशवीचं तोंड धरून ठेवण्याचं, आणि ते मला एकदाही नीट जमलं नाही; निम्मे मासे पुन्हा पाण्यात. घरी आजी म्हणायची, "गाभोळीचा मासा मारू नये रे." आणि पहिली तळलेली गाभोळी तिच्याच पानात पडायची.

आजोबांना कोयतीचं सांगितलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. इथे परवाना, मोजमाप, सगळं काटेकोर. काय बोलणार मी!

एरवी ते मासा काटे-डोकं काढून देतात. गालांचे बोटाच्या पेरांएवढे तुकडे तेवढे स्वतःला ठेवून डोकं सरळ फेकतात. चव चांगली असते, पण वास म्हणून नाही. मासा शिजल्याचं तिसऱ्या घरी कळलं नाही तर तो शिजला कशाला? म्हणून या वेळी हट्टाने अख्खा मागितला.

परवा चुलतभावाने पऱ्याचा फोटो पाठवला. कमरेएवढा सिमेंटचा बंधारा झालाय. मासे तिथपर्यंत येतात, म्हणाला. तिथेच घोटाळत राहतात.

तिकडे रात्रीचे साडेदहा झाले होते, आई जागी होती. तिला व्हिडिओवर मासा दाखवला. तिने चष्मा लावला, फोन जवळ घेतला.

"शिळा आहे. टाकून दे."

मी फोन पालथा ठेवला आणि सोलं भिजत घातली.